संगणकातील बहुरूपी आणि मराठी टपाल

पत्र वाचावयाचे तर तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. पत्र हाती पडले पाहिजे, त्याची लिपी ओळखीची असली पाहिजे आणि लिहिणाराचे अक्षर लागले पाहिजे. जुन्या बडोदे संस्थानातील मराठी कागदपत्रे पुष्कळशी मोडी लिपीत आहेत. त्यांतील एखादा कागद आज आपल्या हाती आला, तर भाषा आपलीच असूनही आपल्याला त्यातील एक ओळ लागत नाही. कागद शाबूत असतो, शाईही पुसटलेली नसते. परंतु ती अक्षरे उलगडण्याची किल्ली आपल्यापाशी नसते. म्हणून तो कागद कोणी रद्दीत टाकीत नाही. मोडी जाणणारा मनुष्य शोधावयाचा, एवढेच आपण करतो.

ई-मेलच्या बाबतीत मात्र आपण इतका विचार करीत नाही. आमच्या सुभानपुऱ्यातील मराठी घरांत बोलणे मराठीत, फाटकाबाहेर गुजरातीत आणि कचेरीत इंग्रजीत असा तिहेरी व्यवहार नित्याचा आहे. कोणाचे काका पुण्यास, कोणाची आत्या इंदुरास, तर कोणाचा थोरला भाऊ अमेरिकेत. त्यांची मराठी पत्रे संगणकावर येतात. कधीकधी पत्र उघडावे, तो अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात, कधी रोमन अक्षरांचा अर्थशून्य गुंता दिसतो, तर कधी नुसत्या प्रश्नचिन्हांची रांग दिसते. “पत्र खराब झाले,” असे म्हणून घरातील मंडळी ते पुसून टाकतात. वस्तुतः अशी पत्रे बहुतेक वेळा मुळीच खराब झालेली नसतात. कोणते पत्र वाचविता येते, कोणते खरोखरच नष्ट झाले आहे आणि हे कसे ओळखावे, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

त्याकरिता आम्ही विज्ञान-मंडळाच्या सभासदांनी ई-मेल वाचण्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत साधे साधन निवडले आहे. ते साधन म्हणजे टर्मिनल. त्यात चित्रे, रंगीत बटणे किंवा सजावट यांचा पडदा मध्ये नसतो. त्यामुळे अक्षरे कोठून येतात आणि कोठे अडखळतात, हे त्यात स्वच्छ दिसते.

टर्मिनल आणि त्याचा बहुरूपी

एके काळी संगणक खोलीभर जागा व्यापीत असे आणि एकाच संगणकावर अनेक माणसे काम करीत. प्रत्येकापुढे एक कळफलक आणि एक पडदा असे. त्या जोडीस टर्मिनल म्हणत. टर्मिनल स्वतः हिशेब करीत नसे. दाबलेली कळ संगणकाकडे पोहोचविणे आणि संगणकाकडून आलेले अक्षर पडद्यावर उमटविणे, एवढेच त्याचे काम. त्याच्याही पूर्वी पडद्याच्या जागी कागदावर अक्षरे छापणारे तारयंत्र असे. आपल्या देशातील तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली. परंतु तारयंत्राची पुष्कळशी रीत टर्मिनलच्या रूपाने संगणकात टिकून आहे.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने १९७८ मध्ये व्हीटी-१०० नावाचे टर्मिनल बाजारात आणले. त्याच्या पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० घरे असत. ही ८० घरे आणखी जुनी आहेत; आयबीएम कंपनीच्या १९२८ मधील छिद्रित पत्त्यावर ८० स्तंभ होते. तेथून ही संख्या टर्मिनलवर आली आणि आजही नवी टर्मिनल-खिडकी उघडली म्हणजे बहुधा तितकीच रुंद उघडते.

पुढे घरोघरी स्वतंत्र संगणक आले आणि टर्मिनल नावाचे यंत्र मागे पडले. पण त्या यंत्रासाठी लिहिलेले उत्तमोत्तम प्रोग्रॅम तर हयात होते. तेव्हा अशी योजना झाली, की एका प्रोग्रॅमनेच टर्मिनलचे सोंग घ्यावे. गावोगाव फिरणारा बहुरूपी जसा फौजदाराचा वेष घेऊन फौजदारासारखा बोलतो, तसा हा प्रोग्रॅम व्हीटी-१०० किंवा तत्सम यंत्राचा वेष घेतो. पलीकडच्या संगणकास वाटते, की आपण खऱ्या टर्मिनलशीच बोलत आहोत. अशा प्रोग्रॅमला टर्मिनल एम्युलेटर म्हणतात.

हे सोंग कसे वठते, हेही पाहण्यासारखे आहे. संगणकात प्रत्येक चिन्हास क्रमांक असतो. त्यांपैकी २७ हा क्रमांक कोणत्याही अक्षराचा नाही. ती इशाऱ्याची खूण आहे. २७ आला, की पुढील काही चिन्हे छापावयाची नसून ती आज्ञा आहे, असे टर्मिनल समजते. २७ नंतर चौकटी कंस, दोनचा आकडा आणि रोमन जे ही चिन्हे आली, तर पडदा पुसावयाचा; निराळी चिन्हे आली, तर अक्षर ठळक करावयाचे किंवा खूण अमक्या ओळीवर न्यावयाची. चांगला एम्युलेटर या शेकडो आज्ञा बिनचूक पाळतो. येणाऱ्या पत्रात कोणी खोडसाळपणे असल्या आज्ञा लपवू नयेत म्हणून टपाल वाचण्याचे चांगले प्रोग्रॅम पत्र दाखविण्यापूर्वी त्या निष्प्रभ करतात.

आपल्या देशातील अक्षरी टपाल

रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठविले आणि पत्त्यात ‘ॲट’ या चिन्हाचा उपयोग केला. भारतात १९८६ मध्ये अर्नेट नावाचे शैक्षणिक संगणक-जाळे सुरू झाले. त्यात मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईच्या संस्थेसह पाच आय.आय.टी. सहभागी होत्या. सर्वसामान्य नागरिकांस इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांतून सेवेचा आरंभ केला.

त्या काळी विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळणारे खाते केवळ अक्षरी असे. घरच्या संगणकाने टेलिफोनवरून निगमच्या संगणकास हाक मारावयाची आणि पुढे टर्मिनलचे सोंग घेऊन बसावयाचे. पत्रे वाचणारा प्रोग्रॅम निगमच्या संगणकावर चाले. सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणाऱ्या टेलिफोनच्या तारेतून एका सेकंदात सुमारे ९६० अक्षरे येत. २४ ओळी गुणिले ८० घरे म्हणजे १,९२० अक्षरे. अर्थात पूर्ण पडदा भरावयास दोन सेकंद पुरत. अक्षरी टपालाचे हे बळ आजही कमी झालेले नाही. जेथे जाळे मंद आहे आणि चित्रांनी लादलेली पत्रे उघडता उघडत नाहीत, तेथे अक्षरे मात्र येऊन पोहोचतात.

उणीव होती ती लिपीची. त्या वेळी सर्वत्र चालणारी संकेतप्रणाली ॲस्की ही होती. तिच्यात अवघी १२८ चिन्हे होती आणि त्यांत देवनागरीला जागा नव्हती. म्हणून मराठी माणसे परस्परांना रोमन लिपीत मराठी लिहीत. ‘पत्र मिळाले’ हे दोन शब्दही ज्याने त्याने आपल्या मनाच्या स्पेलिंगने लिहावेत, असा प्रकार होता. त्यात शिस्त आणण्यासाठी अविनाश चोपडे यांनी ‘आयट्रान्स’ ही योजना तयार केली. तिच्या नियमांनी रोमन अक्षरांत लिहिलेल्या मजकुराचे देवनागरीत रूपांतर होऊ शके.

आपल्या देशात दुसरीकडे निराळा प्रयत्न चालू होता. कानपूरच्या आय.आय.टी.त भारतीय लिप्यांसाठी जे संशोधन झाले, ते पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने पुढे नेले. मोहन तांबे हे त्या कार्यातील एक प्रमुख नाव होय. त्यातून ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित झाले आणि भारतीय लिप्या टर्मिनलवर उमटू लागल्या. त्याच्या मागे ‘इस्की’ नावाची संकेतप्रणाली होती. भारतीय मानक म्हणून तिला १९९१ मध्ये मान्यता मिळाली. इस्कीची एक मौज बडोद्याच्या वाचकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. तिच्यात मराठी ‘क’ आणि गुजराती ‘क’ यांचा क्रमांक एकच होता. लिपी कोणती दाखवावयाची ते वेगळ्या खुणेने सांगावयाचे. अर्थात तीच चिन्हमाला हवी तर बाळबोधीत, हवी तर गुजरातीत दिसू शके.

आज जगभर चालणाऱ्या युनिकोडमध्ये दोन्ही लिप्यांना स्वतंत्र क्रमांक आहेत, परंतु इस्कीची मांडणी तेथेही दिसते. देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५ आहे आणि गुजराती ‘क’चा २७०९. दोहोंतील अंतर ३८४. ‘ख’, ‘ग’, ‘ळ’ असे दोन्ही लिप्यांत समान असलेले कोणतेही अक्षर घ्या, अंतर तेवढेच भरते. ज्या मोडीचा उल्लेख आम्ही आरंभी केला, तिलाही युनिकोडमध्ये २०१४ साली स्वतःची जागा मिळाली.

एका गावाच्या नावाचा हिशेब

युनिकोडचे क्रमांक तारेवरून धाडावयाचे कसे, याची आज सर्वमान्य असलेली पद्धत यूटीएफ-८ ही होय. केन टॉमसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात जेवणाच्या टेबलावरील कागदावर तिचा आराखडा मांडला. या पद्धतीत ॲस्कीतील अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. एका बाइटमध्ये ० ते २५५ पर्यंतची कोणतीही एक संख्या मावते.

‘सुभानपुरा’ हा शब्द घेऊ. डोळ्यांना त्यात पाच अक्षरे दिसतात: सु, भा, न, पु, रा. संगणक मात्र स, उकार, भ, काना, न, प, उकार, र, काना अशी नऊ चिन्हे मोजतो. प्रत्येकी तीन याप्रमाणे सत्तावीस बाइट झाले. पहिले चिन्ह ‘स’. त्याचे बाइट २२४, १६४ आणि १८४ असे आहेत. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. गुजरातीचाही पहिला बाइट २२४ असतो, पण दुसरा १७० किंवा १७१. ही छोटीशी माहिती लक्षात ठेवावी. पुढे हरवल्यासारखे वाटणारे पत्र शोधताना ती उपयोगी पडते.

मांडणी कशी करावी

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. लिनक्सच्या संगणकात टर्मिनल एम्युलेटर मुळातच असतो. विंडोजच्या संगणकावरून दुसऱ्या संगणकाशी बोलावयाचे असेल, तर सायमन टॅटम यांनी तयार केलेला ‘पुटी’ हा विनामूल्य प्रोग्रॅम पुष्कळ ठिकाणी वापरतात. कोणताही एम्युलेटर घेतला, तरी पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट जोडणीची. जुन्या टेलनेट पद्धतीत पासवर्ड तारेवरून उघडा जात असे; मधला कोणीही तो वाचू शके. फिनलंडमधील टाटू युल्योनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही पद्धत काढली. तिच्यात सर्व संभाषण गुप्त राहते. पहिल्या जोडणीच्या वेळी पलीकडच्या संगणकाचा ‘ठसा’ म्हणून अंकाक्षरांची एक माळ दाखविली जाते. घाईने ‘होय’ म्हणू नये. त्या संगणकाची व्यवस्था पाहणाऱ्यास विचारून ठसा ताडून पाहावा आणि मगच मान्य करावा.

दुसरी गोष्ट संकेतप्रणालीची, आणि बहुतेक घोटाळे येथेच होतात. ती तीन ठिकाणी सारखी असली पाहिजे: पत्रात, पलीकडच्या संगणकात आणि आपल्या एम्युलेटरमध्ये. पत्र कोणत्या संकेतात आहे, हे पत्राच्या शिरोभागी लिहिलेले असते. पलीकडच्या संगणकास भाषा आणि संकेत सांगणारी ‘लोकेल’ नावाची नोंद असते. ती ‘मराठी, भारत, यूटीएफ-८’ अशी करावी. मराठीची नोंद तेथे नसेल, तर इंग्रजीची चालेल. यूटीएफ-८ हा भाग मात्र सोडू नये. पुटीमध्ये ‘विंडो’ या विभागाखाली ‘ट्रान्सलेशन’ असे पान आहे. तेथेही यूटीएफ-८ निवडावे.

तिसरी गोष्ट फॉन्टची. टर्मिनलला सर्व अक्षरांची रुंदी सारखी असलेला फॉन्ट आवडतो. पण अशा पुष्कळ फॉन्टांत देवनागरी नसते. म्हणून लोहित देवनागरी किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांसारखा फॉन्ट संगणकावर बसवून घ्यावा. मूळ फॉन्टात अक्षर सापडले नाही, तर चांगले एम्युलेटर ते आपण होऊन तेथून उसने घेतात.

चौथी गोष्ट टपाल वाचण्याच्या प्रोग्रॅमची. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ मध्ये ‘पाइन’ या प्रोग्रॅमचे काम सुरू झाले. ‘अल्पाइन’ हा त्याचा वारस. त्यात पडद्याच्या तळाशी कळांची सूची सदैव दिसते, म्हणून नवशिक्यास तो सोपा जातो. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये लिहिलेला ‘मट’ हा प्रोग्रॅम सरावलेल्या हातांना प्रिय आहे. दोहोंनाही टपाल-सेवेच्या संगणकाचे नाव, पत्रे आणण्याचे दार आणि पत्रे धाडण्याचे दार सांगावे लागते. पत्रे आणण्यासाठी आयमॅप पद्धतीचे सुरक्षित दार ९९३ हे आहे. धाडण्यासाठी ४६५ किंवा ५८७. काही मोठ्या सेवा नेहमीचा पासवर्ड अशा प्रोग्रॅमकडून स्वीकारीत नाहीत. त्यांच्याकडून प्रोग्रॅमसाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. पासवर्ड साध्या फाइलीत लिहून ठेवणे टाळावे.

पाचवी गोष्ट सजविलेल्या पत्रांची. हल्लीची पुष्कळ पत्रे वेबपानाच्या रूपात येतात. त्यांतून शुद्ध मजकूर काढून देण्यासाठी ‘लिंक्स’ किंवा ‘डब्ल्यू-थ्री-एम’ हे अक्षरी ब्राउझर टपालाच्या प्रोग्रॅमला जोडता येतात. याचा एक मोठा लाभ आहे. बँकेच्या नावाने आलेल्या फसव्या पत्रात वरकरणी एक नाव आणि आत भलताच पत्ता असतो. अक्षरी रूपात आतला पत्ता उघडा करून पाहणे सोपे जाते. शिवाय चित्रे आपोआप मागविली जात नसल्यामुळे आपण पत्र केव्हा उघडले, ही बातमीही धाडणाऱ्याकडे जात नाही. घरातील वडीलधाऱ्यांना हे अवश्य समजावून सांगावे. दृष्टिहीन वाचकांचे प्रोग्रॅम पडद्यावरील मजकूर वाचून दाखवितात. त्यांनाही निव्वळ मजकुराचे पत्र सोयीचे पडते.

परीक्षेचे एक वाक्य

मांडणी झाली, की परीक्षा घ्यावी. त्यासाठी आम्ही एक वाक्य ठरविले आहे: ‘चिठ्ठी सुभानपुऱ्यात आली.’ हे वाक्य स्वतःलाच पत्राने पाठवावे आणि टर्मिनलमध्ये उघडून पाहावे. यात काही कसोट्या आहेत. ‘चि’मधील ऱ्हस्व वेलांटी संगणकात ‘च’च्या नंतर साठविलेली असते, पण दिसावयाची मात्र ‘च’च्या आधी. ‘ठ्ठी’ हे जोडाक्षर आहे. ‘ऱ्या’ तर खास मराठीचा दागिना. ‘सुभानपुरा’ या नावाला सप्तमीचा प्रत्यय लागताच जो ‘ऱ्य’ येतो, तो गुजरातीत नाही; हिंदीतही आढळत नाही. परक्या भाषकांनी तयार केलेल्या प्रोग्रॅमची परीक्षा येथे होते.

टर्मिनलला हे अवघड का जाते, तेही सांगितले पाहिजे. त्याचा पडदा वहीच्या चौकोनी रकान्यांसारखा असतो; एका घरात एक अक्षर, असा रोमन लिपीसाठी केलेला नियम. पुष्कळ प्रोग्रॅम उकार आणि मात्रा यांना शून्य घरे देतात, परंतु काना आणि वेलांटी यांना एक घर देतात. त्या हिशेबाने ‘सुभानपुरा’ला सात घरे मिळतात, अक्षरे मात्र पाचच. म्हणून कधी शब्दांत फट पडते, कधी ओळीचे टोक भलतीकडे जाते. एमएलटर्म हा एम्युलेटर बहुविध लिप्यांसाठीच रचलेला आहे. त्यात भारतीय लिप्यांची जुळणी करण्याची सोय आहे. इतरांत दोष राहिला, तर तो केवळ दिसण्यापुरता असतो. तेच पत्र फाइलीत उतरवून एखाद्या चांगल्या संपादक-प्रोग्रॅममध्ये उघडले, तर अक्षरे सुबक दिसतात.

पत्र जिवंत आहे की नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मराठी पत्र वाचता आले नाही, तर पाच प्रकारांपैकी कोणता प्रकार आहे हे आधी पाहावे.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन असतील, तर फॉन्टात देवनागरी नाही. पत्र धडधाकट आहे. फॉन्ट बसवावा.

दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ दिसत असेल, तर आनंद मानावा. पश्चिम युरोपीय संकेतात २२४ या क्रमांकावर नेमके तेच अक्षर आहे. यूटीएफ-८चे बाइट चुकीच्या किल्लीने वाचले जात आहेत, एवढाच त्याचा अर्थ. संकेत सुधारला, की मराठी उमटते.

बरोबरचे चिन्ह, रोमन ‘ई’ आणि शून्य अशी पुनरावृत्ती दिसली, किंवा अर्थहीन रोमन मजकुरात चारचा आकडा आणि ‘के’ ही जोडी वारंवार आली, तर पत्र अद्याप पाकिटात आहे असे समजावे. जुन्या सात-बिटी तारांतून इतर लिप्या सुखरूप जाव्यात म्हणून १९९२ मध्ये माइम नावाचे नियम झाले. त्यांत मजकूर रोमन चिन्हांत गुंडाळून धाडण्याच्या दोन रीती आहेत. ही त्या गुंडाळण्याचीच रूपे होत. शिरोभागातील नोंद हरवली किंवा पत्र अर्धवट पुढे धाडले, की ती उघडी पडतात. गुंडाळी सोडविणारे प्रोग्रॅम सहज मिळतात.

वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटलेली असतील, तर दोष जुळणीचा. त्याचा उपाय वर आलाच आहे.

पाचवा प्रकार प्रश्नचिन्हांचा, आणि तो गंभीर आहे. येथे दोन शक्यता असतात. पलीकडील संगणकाचे लोकेल साधे ॲस्कीचे असले, तर टपालाचा प्रोग्रॅम अपरिचित अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्ह दाखवितो. पत्र मात्र आत सुरक्षित असते. परंतु वाटेतील एखाद्या प्रोग्रॅमने देवनागरीला जागा नसलेल्या संकेतात पत्राचे रूपांतर केले असेल, तर प्रत्येक चिन्ह काढून त्याच्या जागी खरोखरीचे प्रश्नचिन्ह लिहिलेले असते. मग मूळ अक्षर कोणते होते, हे जगातील कोणताही संगणक सांगू शकत नाही. कारण निरनिराळ्या अक्षरांची आता सारखीच प्रश्नचिन्हे झालेली असतात.

दोहोंतील भेद ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. पत्र फाइलीत उतरवावे आणि ‘ओडी’ या आज्ञेने तिच्यातील बाइट अंकांत पाहावेत. २२४, १६४ अशी आवर्तने दिसली, की पत्र जिवंत आहे. मजकूर गुंडाळलेला असेल, तर वर सांगितलेल्या खुणा दिसतील आणि तेही जिवंतपणाचेच लक्षण होय. परंतु जेथे अक्षरे असावयास हवीत तेथे ६३, ६३, ६३ अशी रांग दिसली, तर ६३ हा प्रश्नचिन्हाचाच क्रमांक असल्यामुळे ती प्रत गेली असे समजावे. तरीही धाडणाऱ्याच्या ‘पाठविलेली पत्रे’ या कप्प्यात बहुधा मूळ प्रत असते. ती पुन्हा मागवून घ्यावी.

यावरून एक नियम सहज निघतो. न लागणारे पत्र दुरुस्त करण्यापूर्वी त्याची मूळ प्रत जशीच्या तशी बाजूस ठेवावी, आणि त्या अवस्थेत ते संपादून पुन्हा साठवू नये. चुकीच्या संकेतात उघडलेली फाइल तशीच साठविली, तर जे केवळ दिसण्याचे वैगुण्य होते, ते कायमचे नुकसान होऊन बसते.

विद्यार्थीमित्रांनो, महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ हा कोश निघाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना अनेक देशी भाषांतील प्रतिशब्द त्यात एकत्र दिले आहेत. राज्याचे काम प्रजेला आपल्या भाषेत कळावे, हा त्यामागील हेतू होता. आज आपल्या घरी येणाऱ्या पत्रांची लिपी संगणकावर सुखरूप राहील हे पाहणे, हेही त्याच जातीचे छोटेसे काम आहे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. जुना संगणक, एक विनामूल्य एम्युलेटर, योग्य संकेत आणि एक देवनागरी फॉन्ट पुरतो. या सुटीत आपल्या घरातील टपाल एकदा उघडून पाहावे. न लागणारी जी पत्रे वडील मंडळींनी पुसावयास काढली असतील, त्यांतील बाइट आधी मोजावेत आणि २२४ सापडतो का ते पाहावे. तो सापडला, तर ते पत्र घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावे.